दुसऱ्या बाजीरावाचं पोस्ट ऑफिस

पुण्याच्या जुन्या पेठा पाहायला आता मेट्रोनं जाता येतं. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई ही दोन स्थानकं थेट पेठांच्या पोटात उघडली. विश्रामबाग वाड्यासाठी मंडईला उतरायचं. जिना चढून वर आलं की महात्मा फुले मंडईचं दगडी शिखर दिसतं, तिथून तुळशीबागेच्या गर्दीत शिरायचं. पितळी निरांजनं, भातुकलीचे संच, कानातल्यांचे ढीग, घासाघीस करणाऱ्या मावश्या आणि ‘ताई, बघा तर खरं’ असं ओरडणारे विक्रेते यांच्यातून वाट काढत बाजीराव रस्त्यावर आलं की वाडा समोर उभा असतो. माझ्यासारख्या बाहेरगावच्या माणसाला तो पहिल्यांदा चटकन दिसत नाही. पुढे बस, रिक्षा आणि दुचाक्यांचा लोंढा असतो, शिवाय आपली नजर दुकानांच्या पाट्यांच्या उंचीवर फिरत असते. मान थोडी वर करावी लागते. मग सागवानी खांबांवर तोललेला कोरीव सज्जा दिसतो आणि त्याखाली लोंबणारी लाकडी केळफुलं.

मी गेलो तेव्हा दरवाजात उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून सांगितलं, “वाडा बघायचाय ना? जिन्यानं वर जा. खाली पोस्ट आहे.” ते स्वतः पोस्टात आले होते. पेशव्यांच्या वाड्यात उभे आहोत याचं त्यांना विशेष काही वाटत असावं असं दिसलं नाही. मला मात्र वाडा समजून घ्यायला ती दोन वाक्यं फार उपयोगी पडली.

आधी बांधणाऱ्याबद्दल. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला, डिसेंबरात वसईला इंग्रजांशी तह करून बसला आणि १३ मे १८०३ रोजी इंग्रजी फौजेच्या आधारानं पुन्हा गादीवर आला. गादी परत मिळाली ती अशी, हात बांधलेली. राज्याची सूत्रं हळूहळू इंग्रज रेसिडेंटच्या हाती जात होती, तेव्हा या माणसानं बांधकामांचा सपाटा लावला. शुक्रवार वाडा, बुधवार वाडा आणि आजच्या सदाशिव पेठेतला हा विश्रामबाग वाडा. शनिवारवाडा हे पेशव्यांचं पिढीजात घर असताना तिथे राहायचं बाजीरावाच्या मनात नव्हतं. नारायणराव पेशव्याचा खून १७७३ साली त्याच वाड्यात झाला होता आणि त्या कटाचा डाग बाजीरावाच्या वडिलांवर, रघुनाथरावांवर होता. भीती म्हणा, शरम म्हणा किंवा नव्या घराची हौस म्हणा, त्यानं विश्रामबाग जवळ केला. १८०३ च्या सुमारास सुरू झालेलं काम पुरं व्हायला काही वर्षं लागली आणि खर्च दोन लाखांच्या घरात गेला असं सांगतात. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई हरल्यावर त्यानं पुणं कायमचं सोडलं, पुढच्या जूनमध्ये तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला.

म्हणजे हिशेब केला तर धन्याचा मुक्काम जेमतेम दहा-अकरा वर्षांचा. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं वाडा इतरांच्या ताब्यात आहे. वाडा दाखवणारे बहुतेक जण मात्र नाचाचा दिवाणखाना, बाजीरावाच्या बायका आणि श्रावणातली दक्षिणा एवढ्यावर थांबतात. मला उरलेली दोनशे वर्षं जास्त रंजक वाटतात.

वरच्या दिवाणखान्यात उभं राहिलं की वाडा कसा बांधला आहे ते कळतं. दोन्ही बाजूंना सुरूच्या झाडासारखे खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे सागवानी खांब, त्यांच्यामध्ये लाकडी महिरपी, डोक्यावर कडीपाट. भिंती वजन पेलत नाहीत असं नाही, पण खरा सांगाडा लाकडाचा. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणतात आणि वाड्यातली सगळी मोजणी खणांत चाले. खोली किती मोठी, तर दोन खणांची, तीन खणांची. सगळं चौकाभोवती रचलेलं: चौक, त्याला लागून सोपा, आत खोल्या, वर माडी. जिथे बैठक घातली तो दिवाणखाना, जिथे दप्तरं ठेवली तो दप्तरखाना. स्वयंपाकघर आणि देवघर सोडलं तर कुठल्याच जागेवर तिचा उपयोग कोरून ठेवलेला नाही. दोन खणांमध्ये फळ्यांची आडभिंत घातली की नवी खोली तयार. इंग्रज सरकारला पुण्यात शाळा, कचेऱ्या, तुरुंग, दवाखाने हवे होते आणि नव्या इमारतींवर पैसा घालायची घाई नव्हती. पेशव्यांचे आणि सरदारांचे वाडे त्याला आयते मिळाले.

विश्रामबागेच्या वाट्याला शाळा आली. एल्फिन्स्टननंतर दख्खनचा कमिशनर झालेल्या चॅपलिननं ६ ऑक्टोबर १८२१ रोजी इथे संस्कृत पाठशाळा उघडली. यात राजकारण उघड होतं. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. ती एकदम बंद केली तर पुण्यातला प्रतिष्ठित वर्ग बिथरेल, चालू ठेवली तर पैसा वाया जाईल, अशी सरकारची समजूत. मग त्यातलाच काही पैसा पाठशाळेकडे वळवला. वेद, न्याय, व्याकरण, ज्योतिष, धर्मशास्त्र, अलंकार असे विषय, शिकवायला शास्त्री आणि शिकायला फक्त ब्राह्मण मुलं. बाजीरावानं गाण्या-नाचासाठी बांधलेल्या माडीवर न्यायशास्त्राचे वाद सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर याच पाठशाळेत शिकले. पुढे इंग्रजीचे वर्ग आले, १८५१ मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं आणि १८६४ मध्ये त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळालं. १८६८ मध्ये येरवड्याला जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या गॉथिक इमारतीत ते गेलं. आजही डेक्कन कॉलेज आपला जन्म १८२१ चाच सांगतं, म्हणजे या वाड्यातला.

पाठशाळेच्या कारभारात आणि नंतर पूना कॉलेजात मेजर थॉमस कँडी होते. मराठी माणसाला हे नाव मोल्सवर्थच्या जोडीनं माहीत असतं. १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पुरा केला तो यांनी. या कँडींच्या हस्ते १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात एक समारंभ झाला. मुलींच्या शाळा चालवल्याबद्दल सरकारतर्फे जोतीराव फुल्यांना शालजोडी देण्यात आली. दुसऱ्या वर्षी त्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा पूना कॉलेजात झाली तेव्हा ती पाहायला सगळं शहर लोटलं होतं.

मी दिवाणखान्यात बराच वेळ याच गोष्टीचा विचार करत उभा होतो. शेवटच्या पेशव्याचं घर. त्याच्या दक्षिणेतून निघालेली आणि एकाच जातीला दार उघडं ठेवणारी पाठशाळा. त्याच छताखाली माळ्याच्या मुलाचा सत्कार, तोही मुलींना शिकवल्याबद्दल. बाजीराव तोवर वारला होता. त्याचं निधन १८५१ च्या जानेवारीत बिठूरला झालं. त्याच्या वाड्यात घडलेली सगळ्यात मोठी घटना कोणती असं मला कुणी विचारलं तर मी नोव्हेंबर १८५२ ची ही दुपार किंवा संध्याकाळ सांगेन. एवढ्या प्रसंगासाठी वाड्यात ठळक जागा असायला हवी.

कॉलेज गेलं तरी सरकारी हायस्कूल इथेच राहिलं. मग १३ मे १८७९. (बाजीराव गादीवर परत आला तीच तारीख, वर्ष वेगळं. योगायोगाशिवाय त्यात काही नाही, पण नजरेतून सुटत नाही.) त्या रात्री बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा एकाच वेळी पेटले. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड तेव्हा ऐन भरात होतं, त्यामुळे संशय त्यांच्यावर गेला. सरकार घाबरलं, इंग्रजी वृत्तपत्रांनी पुण्याच्या ब्राह्मणांवर आग पाखडली. चौकशीत निघालं भलतंच. बुधवार वाड्यातल्या सरकारी पुस्तक भांडारात काम करणाऱ्या रानडे नावाच्या कर्मचाऱ्यानं पैशाची अफरातफर झाकण्यासाठी हे कृत्य केलं होतं. बंडखोरांच्या नावावर खपून जाईल असा त्याचा अंदाज असणार.

बुधवार वाडा त्या आगीत संपला तो संपलाच. विश्रामबागेचाही मोठा भाग जळाला, पण तो पुन्हा उभा राहिला. त्यासाठी पुणेकरांनी वर्गणी काढली, नगरपालिकेनं पैसा घातला. इथे माझा एक अंदाज मांडतो. लोकांनी बाजीरावाच्या आठवणीखातर पैसे दिले असतील असं मला वाटत नाही. शेवटच्या पेशव्याबद्दल पुण्यात फारसं ममत्व नव्हतंच. पैसे दिले ते तिथे शाळा होती म्हणून, शहराला ती इमारत लागत होती म्हणून. शुक्रवार वाडा १८२० मध्ये जळाला, त्याचा आता मागमूस नाही. विश्रामबाग कामाला जुंपलेला होता, म्हणून वाचला.

पुढे १९३० च्या आसपास नगरपालिकेची कचेरी वाड्यात आली आणि १९५० मध्ये महापालिका झाल्यानंतरही काही वर्षं कारभार इथूनच चालला. १९५० च्या दशकाच्या शेवटी शिवाजीनगरच्या नव्या इमारतीत ती गेली. तोवरच्या तीसेक वर्षांत पुण्यातल्या किती माणसांनी घरपट्टी, नळजोड, जन्म-मृत्यूच्या नोंदी यांच्यासाठी या जिन्यांवर खेटे घातले असतील त्याला मोजमाप नाही. नंतर महापालिकेची छोटी-मोठी खाती, पोस्ट आणि वर ‘पुनवडी ते पुण्यनगरी’ हे शहराच्या वाढीचं प्रदर्शन. प्रदर्शन जरूर पाहावं. आठव्या-दहाव्या शतकातल्या वस्तीपासून आजच्या शहरापर्यंतचा प्रवास त्यात मांडलेला आहे. पण मला प्रदर्शनापेक्षा खालचं पोस्ट आवडलं. रजिस्टरच्या रांगेत उभ्या माणसांच्या पाठीमागे दोनशे वर्षांचा खांब, आणि त्याला कुणी टेकून उभं. वारसा विभागाच्या लोकांना हे पाहून काळजी वाटत असेल. ती रास्तही आहे.

वाड्यातून बाहेर पडून उत्तरेला चालत गेलं की बुधवार पेठेत आपण जळलेल्या वाड्याच्या परिसरात येतो. बुधवार वाड्यातच १८४८ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांच्या पुढाकारानं नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. वाडा गेला, ग्रंथालय टिकलं. आजचं पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. त्याच वर्षी, जवळच तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. दगडूशेठ गणपतीच्या समोरचा हा वाडा अलीकडे पाहिला असेल त्यांना आठवेल की तो वाडा म्हणून ओळखूच येत नसे. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेलं लाकूड. भाडेकरू आणि महापालिका यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल लागला आणि डिसेंबरात वाडा पाडण्यात आला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक ठरलं आहे. स्मारक व्हायला हवं यात दुमत नाही. तरी ज्या भिंतींत ती शाळा भरली त्यांतली एखादी वाचवता आली असती तर बरं झालं असतं.

शनिवारवाड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्यांना ठाऊक आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात त्यावर इंग्रजी निशाण चढलं. पहिला कलेक्टर रॉबर्टसन तिथे काही वर्षं राहिला. त्यानंतर त्या वाड्यात तुरुंग, अपंग-गरिबांसाठी दवाखाना आणि वेड्यांचं इस्पितळ अशा तिन्ही गोष्टी होत्या. थोरल्या बाजीरावानं १७३० मध्ये पाया घातलेल्या घरात! २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीनं सगळं आतलं लाकूडकाम खाऊन टाकलं. आज दिल्ली दरवाजा, बुरूज, तट आणि आत जोती व हिरवळ एवढंच आहे. लोक जोत्यांवर बसून फोटो काढतात.

त्याच्या पलीकडेच नानावाडा. १७८० च्या सुमाराला नाना फडणविसांनी बांधलेला. याची गोष्ट सांगायची तर आधी मोरोबादादांच्या वाड्याची सांगावी लागते. मोरोबादादा फडणीस हे नानांचे चुलतभाऊ आणि कारभारातले प्रतिस्पर्धी. रघुनाथरावाच्या बाजूनं खटपट केली म्हणून नानांनी त्यांना कैदेत टाकलं. त्या मोरोबादादांच्या वाड्यात २ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. विष्णुशास्त्री म्हणजे विश्रामबागेत शिकलेल्या कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव. बाप सरकारी पाठशाळेत, मुलगा सरकारी नोकरी सोडून काढलेल्या शाळेत, आणि दोन्ही शाळा वाड्यांतच. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजही गद्र्यांच्या वाड्यात सुरू झालं. न्यू इंग्लिश स्कूल पुढे नानावाड्यात आलं आणि शेजारी इंग्रजी धाटणीची दगडी इमारत उभी राहिली. म्हणजे मोरोबांच्या घरातली शाळा शेवटी नानांकडे गेली. मोरोबादादांना हे आवडलं नसतं. दगडी इमारत आणि लाकडी वाडा एकमेकांना खेटून उभे आहेत. बांधकामाच्या दोन रीती शेजारी शेजारी पाहायच्या तर पुण्यात याहून चांगली जागा नाही. वाड्यात आता क्रांतिकारकांचं संग्रहालय आहे.

तिथून नारायण पेठेत उतरलं की केसरीवाडा. मूळ नाव गायकवाड वाडा, बडोद्याच्या गायकवाडांचा. टिळकांनी तो १९०५ मध्ये घेतला. त्याआधी ते विंचूरकरांच्या वाड्यात, तेही एका सरदार घराण्याच्याच वास्तूत, राहत होते. सरदाराच्या घरात छापखाना, वृत्तपत्राची कचेरी, ग्रंथालय आणि बिऱ्हाड असं सगळं एकत्र नांदू लागलं. शहरातल्या पाच मानाच्या गणपतींपैकी पाचवा इथला. हा वाडा मला चालत्या घरासारखा वाटला, कारण एका कामावर तो शंभर वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

हे सगळे नावाजलेले वाडे. बिननावाचे शेकडो होते आणि त्यांचं काय झालं हे पेठेत कुणालाही विचारा. सरदार, सावकार, कारकून यांच्या वंशजांचं उत्पन्न आटलं तेव्हा त्यांनी वाड्यांत भाडेकरू ठेवले. एका चौकाभोवती दहा-पंधरा बिऱ्हाडं, दोन खणांत अख्खं कुटुंब, सामाईक नळ आणि संडास. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी जिथल्या तिथे गोठली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण मालकाच्या हाती महिन्याकाठी येणाऱ्या रकमेत एक तुळईसुद्धा बदलता येईना. कौलं गळू लागली, लाकडाला वाळवी लागली. त्यातच १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुरानं नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा पेठांतली मातीची घरं विरघळवली. मग बिल्डर आले. मालकाला पैसे, भाडेकरूंना मालकीची जागा. दोघांचाही फायदा होता, त्यांना दोष देणं सोपं असलं तरी मला तसं करवत नाही. पावसाळ्यात डोक्यावर ताडपत्री बांधून झोपलेल्या माणसाला आपण वारशाचं प्रवचन काय देणार?

फिरायचं असेल तर सकाळी लवकर निघा आणि वाहन घेऊ नका. विश्रामबाग ते केसरीवाडा हे सगळं रमतगमत, चहाला थांबत, अर्ध्या दिवसात पायी होतं. गणेशोत्सवातले दहा दिवस टाळा, तेव्हा इमारतीकडे पाहायला उसंत मिळत नाही. विश्रामबागेत सज्जा रस्त्याच्या पलीकडून पाहा, जवळून मान दुखते. आतल्या बाजूचे चौकही पाहायचे राहू देऊ नका. कुठे आगीनंतरचं बांधकाम आहे आणि कुठे जुनं, हे खांबांच्या कोरीव कामावरून थोडंफार ओळखता येतं.

आणि एक विनंती पुणेकरांना. पेशवाईच्या कागदांना वाली आहे. त्यांचं दप्तर जपलेलं आहे, अभ्यासक आहेत. वाड्यांच्या नंतरच्या आयुष्याचे कागद मात्र रद्दीत जात आहेत. तुमच्या घरात आजोबांच्या नावाची वाड्यातल्या बिऱ्हाडाची भाडेपावती असेल, चौकात मांडलेल्या मुंजीचा फोटो असेल, विश्रामबागेतल्या नगरपालिकेचा शिक्का असलेला दाखला असेल, वाड्यात भरणाऱ्या शाळेचं प्रगतिपुस्तक असेल, तर ते फेकू नका. मागे वाड्याचं आणि पेठेचं नाव, जमेल तसं वर्ष लिहा. सदाशिव पेठेत १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथे जाऊन असे कागद घेणार का, एवढं तरी विचारून या.